दाब वाढतो तशी हवाही तापते
सुपरचार्जर बसविलेल्या मोटारीची खरी परीक्षा खानदेशच्या उन्हाळ्यात

नंदुरबार, प्रतिनिधी

शहादा सोडून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळकडे निघालेल्या वाहनांचा खरा कस सातपायरी घाटात लागतो. मे महिन्याची दुपार असेल, गाडीत माणसे भरलेली असतील आणि एसी सुरू असेल, तर वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या एक-दोन गाड्या हमखास दिसतात. 'गाडी गरम झाली' एवढेच निदान तेथे होते. रेडिएटरमध्ये पाणी ओतले जाते, चहा घेतला जातो आणि अर्ध्या तासाने प्रवास पुन्हा सुरू होतो. मात्र इंजिनात गरम होणारी गोष्ट केवळ पाणी नसते. इंजिन जी हवा श्वासावाटे आत घेते, तीही तापलेली असते. साध्या इंजिनात याचा परिणाम ओढ थोडी कमी होण्यापुरता राहतो. ज्या इंजिनावर मागाहून सुपरचार्जर बसविला आहे, त्यात हीच तापलेली हवा पिस्टनला भोक पाडू शकते.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सुपरचार्जर हा शब्द रस्त्यापेक्षा मोबाइलच्या पडद्यावरच अधिक भेटतो, हे खरे. पण त्याचा भाऊ असलेला टर्बोचार्जर येथे घरोघरी आहे. डिझेल जीप, पिकअप, मालट्रक आणि अलीकडच्या छोट्या पेट्रोल मोटारी या सर्वांत हवा दाबून भरण्याची सोय कारखान्यातूनच येते. त्यावर 'चिप' बसवून किंवा संगणकीय नकाशा बदलून आणखी ताकद काढून देणारी मंडळीही आता लहान शहरांपर्यंत पोहोचली आहेत. दाब किती वाढविला, याची चर्चा गॅरेजमध्ये मोठ्या उत्साहाने होते. दाबल्यानंतर हवा किती तापली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. खरे तर इंजिनाचे आयुष्य या दुसऱ्या आकड्यावर अधिक अवलंबून असते.

पंप का तापतो?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. वायू दाबला की तापतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, सेकंदाला शंभर ग्रॅमच्या आसपास हवा ढकलणारा पंपच होय. टर्बोचार्जर तेच काम बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर करतो. सिलिंडरमध्ये अधिक हवा गेली की अधिक इंधन जाळता येते आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक ताकद मिळते. हा सगळा व्यवहार हवेच्या वजनाचा आहे, दाबाचा नव्हे, आणि नेमकी येथेच फसगत होते.

थोडा हिशेब करून पाहू. बाहेर ४३ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि सुपरचार्जर हवेचा दाब दीडपट करतो, असे धरू. कोणताही तोटा नसलेला आदर्श कॉम्प्रेसर असला, तरी हवा सुमारे ३९ अंशांनी तापेल. प्रत्यक्षातील कॉम्प्रेसर आदर्श नसतात. 'रूट्स' पद्धतीच्या जुन्या घाटणीच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता ५५ टक्के मानली, तर ही वाढ ७१ अंशांवर जाते. म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा ११४ अंशांची, उकळत्या पाण्याहून गरम! पंख्यासारख्या चक्राने हवा फेकणारा सेंट्रिफ्युगल प्रकार योग्य वेगात चालत असेल आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तरी हवा ९९ अंशांच्या घरात पोहोचतेच.

तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे दाब ५० टक्क्यांनी वाढूनही रूट्सच्या उदाहरणात सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचे वजन अवघे २२ टक्क्यांनी वाढते. अर्ध्याहून अधिक कमाई उष्णतेने गिळली. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर स्वतःसाठी इंजिनाचीच ताकद खातो, हे लक्षात घेतले तर हातात उरते ते त्याहूनही कमी. डॅशबोर्डवर बसविलेला बूस्टचा काटा मात्र या साऱ्याची दाद न देता दिमाखात अर्धा बार दाखवत राहतो.

नुकसान केवळ ताकदीचे असते, तर हा विषय हौशी मंडळींपुरता राहिला असता. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाणे अपेक्षित असते. आत आलेली हवा आधीच फार तापलेली असेल, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दाबाचा घण पिस्टनवर आदळतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आपल्याकडे 'इंजिन ठोकते' असा शब्दप्रयोग आहे आणि तो अगदी नेमका आहे. साध्या इंजिनात हा आवाज कानी पडतो व चालक पाय सैल करतो. दाबाने हवा भरलेल्या इंजिनात तो ऐकू येईपर्यंत पिस्टनच्या रिंगा तुटलेल्या किंवा हेड गॅस्केट उडालेले असू शकते.

जानेवारीत जुळविलेली गाडी

आपल्या भागातील खरी अडचण ऋतूंमधील अंतराची आहे. जानेवारीच्या पहाटे नंदुरबारात तापमान १२ अंशांच्या आसपास उतरते, तर एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो. वर दिलेलाच रूट्स सुपरचार्जर १२ अंशांची हवा घेऊन ७६ अंशांची हवा बाहेर देईल. मे महिन्यात तोच, त्याच दाबाला, ११४ अंशांची देईल. फरक ३८ अंशांचा. हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या एखाद्या कार्यशाळेत ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण जुळवून घेतलेली गाडी चार महिन्यांनी खानदेशात आली, की तिचे इंजिन त्याच आकड्यांवर ठोकू लागते. मालकाला वाटते पेट्रोल भेसळीचे असावे. पंपाच्या नावाने शंख केला जातो. दोष बहुधा तेथे नसतो.

यात भर पडते ती बॉनेटखालील उष्णतेची. बदल केलेल्या बहुतेक गाड्यांत मूळ एअर फिल्टरची पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसविण्याची फॅशन आहे. त्याचा आवाज दमदार येतो, दिसतोही झकास. पण तो हवा घेतो ती बॉनेटखालची. घाटात कमी वेगाने चढताना तेथील तापमान सहज ६५ अंशांवर जाते. तेवढी हवा रूट्समध्ये शिरली तर बाहेर पडेल १४१ अंशांची आणि वजनातील वाढ २२ टक्क्यांवरून जेमतेम १४ टक्क्यांवर घसरेल. म्हणूनच पहिली आणि सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे मूळ बंद पेटी परत बसविणे आणि तिची नळी लोखंडी जाळीमागे, बाहेरच्या वाऱ्यापर्यंत नेणे. कारखान्यातील अभियंत्यांनी ती पेटी हौसेखातर दिलेली नसते. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथारींवरून वारा सुटला की हवेत काय काय तरंगते, हे येथील रहिवाशांच्या नाकाला ठाऊक आहेच. उघड्या फिल्टरला तेही पचवावे लागते.

उष्णता काढायची तरी किती?

सुपरचार्जर आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करण्यासाठी जो रेडिएटरसारखा भाग बसवितात, तो इंटरकूलर. कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांना उंचावर लढण्याची ताकद देणाऱ्या रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाच्या ६०च्या मालिकेत दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता. दोनदा दाबलेली हवा एवढी तापे, की पाण्याने थंड होणारा इंटरकूलर दिल्याशिवाय गत्यंतर नव्हते. १९४२ मध्ये आलेल्या स्पिटफायर मार्क नाइनमध्ये हेच इंजिन होते.

तेवढे लांब जाण्याचीही गरज नाही. सुरत-भुसावळ मार्गावर विद्युतीकरण होण्यापूर्वी नंदुरबार, नवापूरची स्थानके दणाणून सोडणारी डिझेल इंजिने अनेकांना आठवत असतील. भारतीय रेल्वेचा डब्ल्यूडीएम-२ हा अमेरिकी अल्को कंपनीच्या रचनेवर आधारलेला प्रकार २६०० अश्वशक्तीचा होता. त्यातील हवा दाबणाऱ्या यंत्राला रेल्वे कर्मचारी आजही 'टर्बो सुपरचार्जर' म्हणतात. १९९० च्या दशकात याच १६ सिलिंडरच्या इंजिनातून रेल्वेने ३१०० अश्वशक्ती काढली. तो प्रकार पुढे डब्ल्यूडीएम-३ए या नावाने ओळखला गेला. हे साधताना अधिक कार्यक्षम टर्बो तर बसविलाच, शिवाय दाबलेली हवा थंड करणारा आफ्टरकूलरही मोठा केला. जुन्या इंजिनात बदल करून ताकद वाढविण्याचे आपल्या देशातील हे बहुधा सर्वांत यशस्वी उदाहरण असावे. त्यात दाब आणि थंडावा यांचा विचार एकत्र झाला होता. हौशी मोटारवाल्यांनी हे उदाहरण परदेशी चित्रफितींहून अधिक बारकाईने पाहावे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

मोटारीतील इंटरकूलरला किती उष्णता काढावी लागते? सुमारे १३० अश्वशक्ती देणारे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण १०० ग्रॅम हवा घेते. या हवेचे तापमान ५० अंशांनी उतरवायचे तर पाच किलोवॉट उष्णता सतत बाहेर टाकावी लागेल. घरातील दीड टनी एसीची क्षमताही जवळपास तेवढीच असते. तेवढे काम बंपरमागच्या एका ॲल्युमिनियमच्या खोक्याने, केवळ समोरून येणाऱ्या वाऱ्यावर करायचे आहे. ते त्याने केले, तर मात्र चित्र पालटते. ११४ अंशांची हवा ६४ अंशांवर येते. इंटरकूलरच्या नळ्यांतून जाताना दाब थोडा कमी होतो, तो वजा जाता हवेच्या वजनातील वाढ २२ टक्क्यांवरून सुमारे ३६ टक्क्यांवर जाते. बूस्ट किंचित कमी दिसतो, ताकद मात्र वाढते. काट्याकडे पाहून समाधान मानणाऱ्यांना हे पटवून देणे कठीण जाते.

हवेने थंड होणारा इंटरकूलर साधा, स्वस्त आणि बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसलेला. महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगात तो उत्तम काम करतो. घाटात त्याची पंचाईत होते. गाडी २५ च्या वेगाने चढत असते, इंजिनावर भार पूर्ण असतो आणि समोरून वारा जवळजवळ नसतो. वाऱ्याची गरज सर्वाधिक असते, नेमका तेव्हाच तो मिळत नाही. इंटरकूलरच्या कडेने वारा निसटून जाऊ नये म्हणून पत्र्याची किंवा फोमची बंदिस्त वाट करणे, जमल्यास मागे विजेचा पंखा देणे, हे उपाय किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात मोठ्या इंटरकूलरपेक्षाही त्यांचा उपयोग अधिक होतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. इंटरकूलर सर्वांत पुढे बसतो, त्यामागे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्याही मागे रेडिएटर. पुढच्याने टाकलेली उष्णता मागच्यांच्या अंगावर येते. म्हणजे इंजिनाची हवा थंड करण्याच्या नादात इंजिनाचे पाणी गरम होणार आणि एसीही मंदावणार. नंदुरबारच्या मे महिन्यात एसीविना गाडी चालवायला कुटुंबातील कोणीही राजी होणार नाही, तेव्हा हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

पाण्याचा मार्ग

दुसरा प्रकार पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरचा. यात हवेची उष्णता पाणी घेते आणि ते पाणी वेगळ्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येते. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या मोटारींच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात असा पाण्याचा इंटरकूलर थेट इंजिनाच्या हवा वाटणाऱ्या नळकांड्यातच बसविलेला आहे. हवेचा मार्ग आखूड राहतो आणि पायाखाली जोर लवकर जाणवतो.

पाण्याची उष्णता साठविण्याची शक्ती मोठी. त्यामुळे एखाद्या मिनिटाच्या जोरदार धावेत तापमान जेमतेम हलते. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या ड्रॅग शर्यतींसारख्या स्पर्धांत काही सेकंदांचाच प्रश्न असतो. जगभरचे असे स्पर्धक टाकीत चक्क बर्फ टाकतात. दहा किलो बर्फ वितळताना आपल्या पाच किलोवॉटच्या हिशेबाने अकरा मिनिटे पुरतो. तोरणमाळचा घाट अकरा मिनिटांत संपत नाही. बर्फ नसेल आणि पुढचा छोटा रेडिएटर अपुरा असेल, तर दहा लिटर पाणी मिनिटाला सुमारे सात अंशांनी तापत जाते. एकदा तापले की लवकर निवतही नाही. घाट चढून आलेली गाडी सपाटीवर पाच-सहा किलोमीटर धावली तरी आतील हवा गरमच राहते, त्याचे कारण हे. शिवाय पाणी फिरविणारा विजेचा पंप बंद पडला तर आवाज होत नाही, दिवा लागत नाही. म्हणून या पद्धतीत पाण्याच्या तापमानाचा वेगळा काटा हवाच.

तिसरा उपाय हवेच्या प्रवाहात पाण्याचा अतिसूक्ष्म फवारा सोडण्याचा. घामाने अंग थंड होते किंवा माठातील पाणी गार होते, तेच तत्त्व. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २२५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. मिनिटाला जेमतेम १३०-१४० मिलिलिटर पाणी पूर्ण वाफ झाले, तर पाच किलोवॉटचा हिशेब पुरा होतो. प्रत्यक्षात सगळे थेंब नळीत विरत नाहीत. काही सिलिंडरमध्ये जाऊन तेथील ज्वलन थंड करतात, आणि नॉकिंग रोखण्यास तेही उपयोगी पडते. परदेशात यात मिथेनॉल मिसळतात. ते विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. घरगुती हौसेसाठी ते दूर ठेवलेलेच बरे. शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी पुरेसे आहे. बोअरचे पाणी मात्र कदापि नको. केसासारख्या बारीक छिद्रात क्षार साचले की फवारा बंद होतो आणि फवाऱ्याच्या भरवशावर वाढविलेला दाब तसाच राहतो. मग इंजिन एका चढात संपते. फवारा थांबताच बूस्ट आपोआप उतरेल, अशी व्यवस्था नसेल तर हा खेळ न खेळणेच योग्य.

इंधनाचाही येथे हात आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांपर्यंत आले आहे. उसाच्या मळीपासून, धान्यापासून तयार होणारे इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते आणि नॉकिंगलाही अधिक दाद देत नाही. तापल्या हवेच्या इंजिनाला ही जमेची बाजू. पण इथेनॉलला त्याच हवेसाठी प्रमाण अधिक लागते. जुन्या पेट्रोलवर जुळविलेल्या गाडीत इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला आलेले असतील, तर मिश्रण कोरडे पडते आणि जमेचे खर्चात जाते. नव्या इंधनावर पुन्हा जुळणी करून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

तापमापक कोठे आहे?

या विषयातील सर्वांत मोठी चूक मात्र अगदी साधी असते. आधुनिक मोटारीत आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. ट्यूनिंग करणारे त्याला 'आयएटी' म्हणतात. ज्या मोटारीला मूळचा सुपरचार्जर नाही, तिच्यात तो अनेकदा एअर फिल्टरजवळ बसविलेला असतो. मागाहून सुपरचार्जर लावला आणि सेन्सर जागीच ठेवला, की इंजिनाचा संगणक दाबण्यापूर्वीची ४३ अंशांची हवा पाहतो. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये जाते ११४ अंशांची. ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचविण्याचा जो उपाय संगणकाला येत असतो, तो करण्याचे कारणच त्याला दिसत नाही. सेन्सर इंटरकूलरनंतर, इंजिनाच्या तोंडाशी हलविणे हे काही शे रुपयांचे काम. त्याची टोकाची मणीही उघडी असलेली बरी. जाड पितळी आवरणातील सेन्सर सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, तोवर हवा कितीतरी बदललेली असते.

सेन्सर योग्य जागी आला की काय पाहायचे? बाहेरच्या तापमानापेक्षा आतील हवा किती वर आहे, तेवढेच. सपाट रस्त्यावर चालू गाडीत हा फरक १५ ते २५ अंशांत राहिला, तर व्यवस्था समाधानकारक म्हणावी. ४३ अंशांच्या दिवशी म्हणजे ५८ ते ६८ अंश. त्यापुढे जाऊ लागला तर ठिणगी मागे घेणे, मिश्रण थोडे ओले करणे आणि शेवटी बूस्टच कमी करणे, अशी पायरी संगणकात आधीच लिहून ठेवावी लागते. दर दहा अंशांमागे हवेचे वजन साधारण तीन टक्क्यांनी घटते. तेव्हा मे महिन्यात गाडी जानेवारीइतकी ओढणार नाही, हे मालकाने मनाशी मान्य केलेले बरे. सुपरचार्जरची कप्पी बदलून दाब थोडा उतरविणे कित्येकदा ताकदीच्या दृष्टीनेही फायद्याचे ठरते. कारण प्रमाणाबाहेर फिरविलेला कॉम्प्रेसर हवेपेक्षा उष्णताच अधिक तयार करतो.

उंचीचा मुद्दा येथे अनेकांना चकवतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. वर हवा सात-आठ अंशांनी गार, म्हणून इंजिनही सुखात असेल, असा समज होतो. पण तेथे हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी कमी असतो. पट्ट्यावरचा सुपरचार्जर ठरावीक पटीतच दाबतो, त्यामुळे वर त्याची ताकद थोडी उतरते आणि उष्णतेचे मान आटोक्यात राहते. टर्बोचे तसे नाही. संगणकाने आतील एकूण दाब खालच्याइतकाच राखायचा ठरविले असेल, तर टर्बोला वर अधिक वेगाने फिरावे लागते. ७० टक्के कार्यक्षमता धरून केलेल्या हिशेबाने, खाली ४३ अंशांची हवा ९९ अंशांवर जाते, तर वर ३५ अंशांची हवा १०७ अंशांवर. बाहेर गारवा आणि आत अधिक धग, असा हा उफराटा प्रकार आहे. डिझेल गाड्यांत यामुळे नॉकिंग होत नाही, पण धूर काळा येतो, धुराचे तापमान चढते आणि टर्बोच्या बेअरिंगवर ताण पडतो. चिप लावून घेतलेल्या जीपच्या मालकांनी घाटमाथ्यावरचा काळा धूर ताकदीची खूण समजू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगावयाची तर, सार्वजनिक रस्त्यावरील वाहनात असा बदल करण्यास मुभा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ अन्वये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता वेगळीच. एमएच-३९ क्रमांकाच्या गाडीवर हा प्रयोग करून घाटात माणसे नेणे म्हणूनच समर्थनीय नाही. अशा इंजिनांची जागा बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर आहे, आणि तेथेही हिशेब हाच लागू होतो.

कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या गाड्यांच्या मालकांना मात्र यातील बरेच काही कायद्याच्या चौकटीत राहून करता येते. इंटरकूलरच्या पापुद्र्यांत अडकलेली धूळ, किडे आणि कापसाचे तंतू उन्हाळ्यापूर्वी कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढावेत. रबरी नळ्यांची पकड तपासावी. गळतीतून निसटलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बो विनाकारण अधिक फिरतो व हवा अधिक तापवितो. फिल्टरपेटीचे झाकण व पुढची नळी नीट बसली आहे ना, हे पाहावे. सर्व्हिसिंगच्या वेळी ही नळी सुटी राहून जाणे फार सर्वसाधारण आहे. घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घेऊन पायाचा जोर निम्म्यावर ठेवला, तर कमी बूस्टमध्ये तोच चढ पार होतो.

घाटमाथ्यावर पोहोचल्यावर गाडी लगेच बंद करण्याचीही घाई नको. दोन मिनिटे इंजिन संथ चालू दिले तर टर्बोला तेल मिळत राहते आणि बॉनेटखालची धग थोडी निवळते. यशवंत तलावाकाठी तासभर काढून परत फिरताना सेन्सरचा आकडा पाहिला, तर तो चढताना होता त्याहूनही अधिक दिसण्याची शक्यता असते. वारा बंद, पंखा बंद आणि तापलेल्या इंजिनाची सगळी उष्णता इंटरकूलर व नळ्यांनी शोषून घेतलेली. अशा वेळी पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने जावे. आकडा हळूहळू उतरतो आणि मग गाडी नेहमीसारखी चालवता येते.